सगळे एकदम नको

आबा, पण मलाच नेहमी शेवटी का उभं करायचात, ते तुम्ही अखेरपर्यंत सांगितलं नाहीत. बाकीच्यांची पाळी बदलायची. आज खिडकीकडची रांग आधी, उद्या मोरीकडची, परवा मधली. माझे चार माग मात्र कायम सगळ्यांच्या मागून. लाइट आली की एकेक रांग धडधडायला लागायची आणि मी हाताची घडी घालून तुमच्या बोटाकडं बघत उभा. विणलेल्या मीटरवर पगार होता, आबा. माग बंद तर पैसा बंद, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको होतं. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "तुला कुठली गाडी पकडायचीय?" मी म्हणायचो, "पकडेन एक दिवस." पकडलीसुद्धा. पण भांडण तिथंच राहिलं, कारण त्याच्या आधी तुम्हीच छाती धरून बसलात आणि गेलात. अकरा वर्षं झाली. भांडणातला एक माणूस उठून गेला तर दुसऱ्यानं काय करायचं, एकट्यानं बोलत बसायचं. आज रविवार आहे, दुपार आहे, खोलीतले बाकीचे पिक्चरला गेलेत. म्हणून बसलोय.

मी आता बेंगलोरला आहे. इथं कुणाला सांगितलं की मी सुरतला खात्यात होतो, तर त्यांना वाटतं बँकेत होतो. मग सांगावं लागतं की आमच्याकडं लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. लिंबायतच्या गल्लीत, पत्र्याखाली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागेल एवढ्या वाटा, आणि त्यात अठ्ठेचाळीस माग. तिथले मास्तर माझे वडील. मास्तर म्हणजे शाळेतले नाहीत, माग दुरुस्त करणारे आणि कारीगर सांभाळणारे. हे सांगताना मी थोडा ताठ होतो, ते तुम्हाला दिसत नाही ते बरंय.

लाइट गेली की खात्यात जी शांतता पडायची ती मला अजून कुठं भेटली नाही. कानात आवाज तसाच चालू असायचा आणि बाहेर काही नाही. मग तुमचा हुकूम. आधी प्रत्येकानं मागाचं हँडल सोडायचं, मग मोटरचं बटण बंद करायचं, मग चहा. तुम्ही रांगेतून फिरून एकेक बटण डोळ्यांनी बघायचात. नवा कारीगर वैतागायचा, "मास्तर, लाइट येईल तेव्हा आपोआप चालू होऊ दे ना." तुम्ही त्याला विचारायचात, "राहतोस कुठं? खोलीत किती जण झोपता?" तो म्हणायचा, दहा-बारा. "मग सकाळी सगळे एकदम उठून आळस देतात का? दिलाच तर एकमेकांच्या तोंडावर बुक्क्या बसतील. मोटरचं तसंच आहे. चालत असते तेव्हा गरीब असते. उठताना पाच-सहा माणसांची जागा मागते." झालं, तेवढंच तुमचं शिकवणं. लाइट आली की तुम्ही मधल्या वाटेत उभे राहायचात, हात वर. एक बोट खाली, एक रांग चालू. आवाज बसला, मोटर लयीत आली, की दुसरं बोट. शेठ काचेच्या केबिनमधून, सगळे एकदम चालू करा म्हणून गुजरातीत ओरडायचे, "मास्तर, बधा साथे चालु करो ने! टाइम जाय छे!" आणि तुम्ही मान न वळवता, "फ्यूज पण साथेज जशे, शेठ." मग आमच्याकडं बघून आपल्या अहिराणीत, "एकना मांगे एक, भो. घाई कोणले से?" घाई सगळ्यांनाच होती. पण हसायला यायचं आणि त्या हसण्यात माणसं थांबायची.

घरीसुद्धा तेच. आईनं पाणी तापवायला कॉइल लावलेली आणि मी इस्त्री लावायला गेलो, की तुम्ही दारातून, "एक झालं की दुसरं." आई म्हणायची, "इथं तरी मास्तरकी बाजूला ठेवा, दोनच तर बटणं आहेत घरात." पण इस्त्री काही लावू दिली नाहीत. चुरगळलेल्या शर्टानं मी एका लग्नाला गेलोय तुमच्यामुळं.

तो फ्यूज उडाल्याचा दिवस तुम्हाला आठवत असेल. तेव्हा पाळी बदलायची पद्धत अजून आली नव्हती. खिडकीकडची रांग रोज पहिली आणि बाकीचे त्यांच्या नावानं बोटं मोडत. भर दुपारी लाइट गेलेली. आपण चहाला बाहेर. मोरीकडच्या एका कारीगरानं बटण चालूच ठेवलं आणि त्यावर गमछा टाकला, म्हणजे तुम्हाला दिसू नये. त्याला काय माहीत की त्याच्या शेजारच्यानं तेच केलंय. आणि त्याच्या पलीकडच्यानं. मधल्या रांगेतल्या दोघांनी पण. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे तर थांबणारच आहेत, मी एकट्यानं चार मीटर जास्त काढले तर कुणाचं काय जातं. लाइट आली. तुमचा हात अजून वर गेला नव्हता, आणि जवळजवळ अर्ध्या मोटरी एकदम गुरगुरल्या, दिवे पिवळे झाले आणि मीटरच्या खोलीत असा आवाज झाला की शेठ चप्पल न घालता बाहेर. धूर. मग संध्याकाळपर्यंत अंधार. वायरमन दुसऱ्या गल्लीत अडकलेला. मागांवर टाकलेले गमछे तेवढे दिसत होते, एखाद्याच्या अंत्यविधीला जमल्यासारखे.

मला वाटलं आता तुम्ही एकेकाची आई-बहीण काढणार. तुम्ही फक्त रांगेतून फिरलात आणि गमछे गोळा केलेत. सगळे एका खांद्यावर घेतलेत आणि म्हणालात, "प्रत्येकाला वाटलं की खात्यात हुशार मी एकटाच." एवढंच. लोक हसले. ज्यांचे गमछे होते तेही हसले, मान खाली घालून. मग तुम्ही त्यांना ओरडायच्या ऐवजी स्वतःच विचारात पडलात. म्हणालात, रोज तीच रांग शेवटी राहिली तर तिथला माणूस चोरी करणारच, माझंच चुकलं. दुसऱ्या दिवसापासून पाळी फिरायला लागली. आज जो शेवटी, तो उद्या मधे, परवा पहिला. आणि त्या दिवसापासूनच मी कायमचा शेवटी. मी तर बटण बंद केलं होतं, आबा. मी गमछा टाकला नव्हता. ज्यांनी टाकला त्यांना पाळी, आणि मला हे. मी जेवलो नाही त्या दिवशी. तुम्ही मला नाक्यावरच्या लारीवर नेऊन लोचो खायला घातलात, वर शेव जास्त टाकायला सांगितलीत, तेल जास्त, कांदा जास्त. मला वाटलं आता सांगाल. तुम्ही विचारलंत, "अजून एक घेतोस?" मी घेतला. रागातही घेतला.

तुम्ही गेल्यावर मी खात्यात टिकलो नाही. तुम्ही म्हणायचात तसं, पायाला भिंगरी. डाइंगच्या मिलमध्ये गेलो, वाफेनं अंग सोलून निघालं. हिरे घासायच्या चाकावर, घंटीवर, बसून बघितलं, बसणंच जमेना. शेवटी एका एसी दुरुस्तीवाल्याच्या मागं लागलो आणि ते हाताला लागलं. त्याच्या ओळखीनं एक ठेकेदार भेटला, त्यानं पुण्याला नेलं, तिथून इथं. नववी नापास माणसाला गारवा करता येतो एवढं लोकांना पुरतं. आता जिथं आहे तिथं कंप्यूटरच्या, फोनच्या चिपा तपासतात. बनवून आलेली चिप एका बोर्डावर बसवायची, तिला ढोरासारखं राबवायचं आणि ती कुठं दमते ते बघायचं. राबवणं इंजिनिअर लोकांचं काम. तिला थंड ठेवणं, बोर्ड बदलणं, पंखे, पाण्याच्या नळ्या, हे माझं.

चिप नखाएवढी असते, आबा. तिच्यात आत काम करणारे वेगवेगळे भाग असतात, त्यांना कोर म्हणतात. एक कोर म्हणजे एक माग समजा. पूर्वी एका चिपमध्ये एकच असायचा, आता सोळा, बत्तीस, त्याहून जास्त. म्हणजे खातंच. आमच्या बाजूला एक मॅडम आहेत, कोइमतूरकडच्या, हिंदी तोडून बोलतात पण बोलतात. त्यांच्या पडद्यावर एक रेघ चालू असते, चिप किती वीज खाते त्याची. एक दिवस मी नळी बसवताना बघितलं तर रेघ खाली शांत चाललेली. मी म्हटलं, मॅडम, ही तर काहीच खात नाही, एवढा मोठा थंडावा कशाला लावलाय? त्या म्हणाल्या, "औसत देखके क्या करेगा भैया? नोक देखो, नोक." नोक म्हणजे रेघेचं सगळ्यात वरचं टोक. आणि त्यांनी सगळ्या कोरना एकदम काम दिलं. रेघ सुईसारखी वर उसळली, आणि खट्. पडदा काळा. बोर्ड बंद.

मी मोठ्यानं हसलो. मला आवरेना. मॅडम रागावल्या, त्यांना वाटलं मी त्यांच्या बोर्डाला हसतोय. मग मी त्यांना तुमचं सांगितलं. वाटेतला हात, बोट, रांगा, गमछे. त्यांनी खुर्ची वळवून ऐकलं आणि म्हणाल्या की हेच तर त्यांचं काम आहे. सगळ्यांनी एकदम उचल खाल्ली की आतला विजेचा दाब क्षणभर खचतो आणि चिप चुकते. ती नोक क्षणभराचीच, पण तिच्यासाठी तारा जाड लागतात, पंखा मोठा लागतो, बॅटरी मोठी लागते. म्हणून त्या नोक तासतात. कोरना एकदम उठवत नाहीत, जरा जरा मागं-पुढं उठवतात. आणि चालतानासुद्धा, कुणाला जड काम उचलायचं असेल तर आधी परवानगी मागायची. परवानग्या ठरलेल्या. संपल्या की थांब, दुसऱ्याचं झालं की तुझं. आणि तोच तो कोर उपाशी राहू नये म्हणून पाळी फिरती. आबा, फिरती पाळी! मला तिथंच लारीवरचा लोचो आठवला.

पण मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला आवडली असती. म्हणाल्या, तुझ्या वडिलांकडं माणसं होती, ती थांबायची, हसायची, चहा प्यायची. माझा कोर थांबला तर फोन अडकतो आणि लोक शिव्या देतात. म्हणून मला थांबणं इतकं बारीक कापावं लागतं की कुणाला कळूच नये, आणि ते दिवसातून दोन-चार वेळा नाही, डोळ्याची पापणी लवेपर्यंत किती वेळा ते मोजूसुद्धा नको. त्या एकेका नोकेच्या मागं महिनेच्या महिने बसतात. कधी नोक खाली येते पण काम हळू होतं, मग पुन्हा पहिल्यापासून. ज्या दिवशी नोक खाली आली आणि काम तेवढंच राहिलं, त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी पहिल्यांदा कुणाला काहीतरी *कमी* झालं म्हणून पेढे वाटताना बघितलं. तुम्हाला कुणी पेढा दिला नाही. शेठ दिवाळीला जो डबा द्यायचे तोच सगळ्यांना होता.

आता ज्याच्यासाठी बसलो ते. धाकटा भाऊ. तुम्ही गेलात तेव्हा शाळेत होता, आता मिशा ठेवतो. त्यानं कडोदऱ्याला एक लहान खातं भाड्यानं घेतलंय, जुने बारा माग, तीन कारीगर आणि चौथा तो, चौघांकडं तीन-तीन माग. व्यापारी सूत देतो, हा कापड विणून देतो. आईच्या बांगड्या त्यात आहेत. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा फोन आला, आवाज बसलेला. लाइट जाऊन आली की दर वेळी मेन उडतो, सोबत शेजारच्या दोन खात्यांची लाइट जाते. जागेच्या मालकानं या महिनाअखेरची मुदत देऊन सांगून टाकलंय, "केबल बदलावो, लोड वधारो, नहीं तो खातुं खाली करो." जाड केबल, वाढीव लोड, सगळं धरून लाखाच्या आसपास जातं. तेवढे त्याच्याकडं नाहीत, माझ्याकडं नाहीत. महिनाअखेर खाली केलं तर माग भंगारात किलोवर जाणार, बांगड्या त्यांच्याबरोबर, आणि हा पुन्हा कुणाच्या तरी खात्यात मीटरवर.

मी म्हटलं, "अरे, एकदम चालू करू नका. आबा करायचे तसं कर."

"आबांचा जमाना वेगळा होता, दादा. आता कोण थांबतंय? मी सांगतो, ऐकत नाहीत. माझ्याहून दुप्पट वयाचे आहेत. एक तर तोंडावर म्हणाला, तू काल आलास."

"तू स्वतः कधी चालू करतोस?"

"माझे? माझे आधी करतो. मालक मी आहे ना."

आबा, ऐकलंत? अकरा वर्षं, म्हणजे त्याच्याही आधीपासून मी जे विचारत होतो, ते या येड्यानं एका वाक्यात सांगितलं. अख्खं खातं तुमच्या बोटाकडं बघतंय असं मला वाटायचं. ते बोटाकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. मास्तरचा पोरगा शेवटी उभा आहे, तोंड पाडून, हाताची घडी घालून, तोवर कुणाला तक्रार करायला तोंडच नव्हतं. तुम्ही मला हे सांगितलं असतंत तर मी तोंड पाडलं नसतं, ऐटीत उभा राहिलो असतो, आणि मग त्याचा उपयोग झाला नसता. म्हणून सांगितलं नाहीत ना? की सांगायचं होतं आणि लोचोची दुसरी प्लेट आल्यावर राहून गेलं? काहीही असो. फार मोठा माणूस होतात तुम्ही. आणि माझे मीटर गेले ते गेलेच, ते मी सोडलेले नाहीत.

भावाला हे सगळं सांगून उपयोग नव्हता. तुमच्यासारखं वाटेत उभं राहणं त्याला येत नाही, मलाही आलं नसतं. मी इथल्या वायरमनला गाठलं, दोन दिवस त्याचं डोकं खाल्लं, मॅडमनी पण कागदावर काढून दिलं. चौघांच्या मोटरींना चार टायमर. लाइट आली की पहिल्याच्या तीन मोटरी उठतील, त्या लयीत आल्या की दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, शेवटी चौथ्याच्या. हँडल मात्र माणसानंच ओढायचं, हात आत असताना माग सुटायला नको. दर सोमवारी टायमरची चकती फिरवायची, म्हणजे पाळी बदलेल. केबल आहे तीच पुरते. जागेच्या मालकाला मी स्वतः फोन केला, तो म्हणाला, एकदा चालवून दाखवा, मेन नाही उडाला तर राहा. म्हणजे सगळं आता त्या चार टायमरवर आहे.

मग भावाला सांगितलं. म्हटलं, ही कंप्यूटरच्या चिपमधली पद्धत आहे, मोठ्या कंपन्या करतात, मी डोळ्यांनी बघितलीय. त्याचा आवाजच बदलला. "खरंच? प्रोसेसरमध्ये?" म्हणाला, कारीगरांना पण असंच सांगतो, मशीन ठरवतं म्हटलं की ऐकतात. मी म्हटलं, सांग. आणि मग म्हटलं, "एक लक्षात ठेव. तिघांची पाळी फिरेल. तुझा टायमर कायम शेवटी."

"माझा का? चिपमध्ये पण असं असतं?"

"असतं," मी म्हटलं.

नसतं, आबा. मॅडमना विचारलं होतं मी, कुठल्याच कोरला असं कायमचं मागं ठेवत नाहीत. ते तुमचं आहे, आणि मी ते तुमच्या नावावर सांगितलं नाही, कारण तुमच्या नावावर त्यानं ते घेतलं नसतं. माग राहिले तर कधीतरी सांगेन. टायमर, त्यांचे स्विच, डबी आणि तिथल्या वायरमनची मजुरी धरून उद्या सकाळी त्याला पाठवतोय, नऊ हजार सहाशे.